गाडी बंद पडली घाटात, भांडण झालं कागदावर

मागच्या भागाखाली तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता: "तुझ्या गाडीचं पुढे काय झालं?" तर आजचा भाग त्यावरच. कंपनीचं नाव घेणार नाही, शोरूमचंही नाही. मला कुणाची बदनामी करायची नाही. आणि खरं सांगायचं तर, हीच गोष्ट कुठल्याही कंपनीच्या गाडीबाबत होऊ शकते. नाव बदलेल, "सर, हे वॉरंटीत बसत नाही" हे वाक्य तेच राहील.

आधी गाडीबद्दल थोडं. २०२४ च्या गुढीपाडव्याला घेतली. ऑन रोड १ लाख ३८ हजार. पप्पांनी ४० हजार डाउन पेमेंटला दिले, बाकीचं लोन. महिन्याला ३,९०० च्या आसपास हप्ता. वॉरंटी तीन वर्षं किंवा ३० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. हे "जे आधी होईल ते" लक्षात ठेवा, पुढे त्यानेच माझा घाम काढला.

२०२५ चा जून महिना. शनिवारी पहाटे हडपसरहून निघालो, कराडकडे, गावाला. शिरवळला चहा घेतला. गाडी एकदम ठीक. म्हणजे तेव्हा ठीक वाटत होती. गेला महिनाभर इंजिनाच्या वरच्या बाजूने एक "टक टक टक" आवाज यायचा, पण हेल्मेट घातलं की ऐकू यायचा नाही, आणि जे ऐकू येत नाही ते आपण विसरतो.

खंबाटकी घाट चढायला लागलो. तिसऱ्या गिअरमध्ये होतो. गाडी ओढेना. अॅक्सिलरेटर देतोय, आवाज वाढतोय, वेग कमी होतोय. मग "टक टक"चं "खड खड" झालं आणि एका क्षणी मागचं चाक धरल्यासारखं झालं. मागे ट्रक होता. मी काही विचार करून केलं नाही, हाताने आपोआप क्लच दाबला गेला, चाक मोकळं झालं आणि गाडी डाव्या कडेला घेता आली. हे आधीच सांगतो, कारण बाकी सगळं यापुढे दुय्यम आहे: चालत्या गाडीचं इंजिन जाम झालं तर पहिलं काम क्लच दाबणं. इंजिन अडकलं की गिअरमधून मागचं चाकही अडकतं. क्लच दाबला की ते सुटतं. इंजिन गेलं तर पैशात भरून येतं, बाकीचं येत नाही.

कडेला उभा राहिलो. पाऊस नुकताच थांबला होता. इंजिनातून जळका वास येत होता. पहिली इच्छा काय झाली? स्टार्टर मारून बघू. सगळ्यांना तीच होते. त्याआधी मी आमच्या गावातल्या गॅरेजवाल्याला फोन लावला. आम्ही सगळे त्यांना बापू म्हणतो. वीस-पंचवीस वर्षं गाड्याच उघडतायत. त्यांना आवाज सांगितला, वास सांगितला.

बापू म्हणाले, "आरं, जाम झालंय ते. स्टार्टर मारू नगंस. किक मारू नगंस. वरनं ऑइल वतू नगंस. कुणाला उघडू दिऊ नगंस, मला पन न्हाई. वॉरंटीत हाय नव्हं? मग हाय तशी ने."

मी म्हणालो, "बापू, तुमच्याकडेच आणतो ना, इथून जवळ पडेल."

"माझ्याकडं आनलीस तर ते म्हनतील बाहेरच्यानं हात लावला. मग बस बोंबलत. आधी ऑइलचा फोटू काढ."

या एका वाक्याने माझे तीसेक हजार वाचले.

आमच्या गाडीला इंजिनाच्या खाली एका बाजूला काचेची छोटी खिडकी आहे, ऑइल बघायला. काही गाड्यांना दांडी असते. गाडी सपाट जागी घेतली, डबल स्टँडवर लावली, दहा मिनिटं थांबलो आणि मोबाइलवर व्हिडिओ काढला. आधी नंबर प्लेट, मग मीटरवरचं रनिंग (१३,२१८), मग ती खिडकी. ऑइल दोन खुणांच्या मधोमध. मग गाडीच्या खालची जमीन, कुठेही गळती नाही. सगळं एकाच व्हिडिओत, मध्ये न तोडता. वर मी तारीख आणि वेळही तोंडाने बोललो. येणारे-जाणारे बघत होते, हा काय रील बनवतोय म्हणून.

का महत्त्वाचं, ते सांगतो. इंजिन जाम होण्याची कारणं बरीच असतात, पण भांडण साधारण एकाच प्रश्नावर येतं: ऑइल होतं की नव्हतं? इंजिनात पिस्टन सिलिंडरमध्ये वर-खाली पळत असतो. दोघांच्या मध्ये ऑइलचा पातळ थर असतो, म्हणून धातूला धातू घासत नाही. वर हेडमध्ये कॅम फिरतो, त्यालाही ऑइल लागतं. हे ऑइल खालून वर पोचवायला एक छोटा पंप असतो. ऑइल कमी झालं, किंवा ऑइल आहे पण पंप ते वर पाठवत नाही, दोन्हीचा शेवट सारखाच. वरचे भाग कोरडे पडतात, तापतात, पिस्टन फुगतो आणि अडकतो. फरक एवढाच की पहिल्यात चूक मालकाची धरली जाते आणि दुसऱ्यात यंत्राची. आणि उघडल्यावर ऑइल काढून टाकलं की आधी किती होतं हे सिद्ध करता येत नाही. माझ्या गाडीला ऑइल प्रेशरचा दिवा नव्हताच, त्यामुळे मीटरवर काहीच दिसलं नाही.

एक पिकअपवाला मिळाला. २,२०० रुपये. घाट चढून पलीकडे गेलो, बोगद्यातून परत आलो, थेट पुण्यातल्या शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला. पावती घेतली. खरं तर कंपनीच्या कुठल्याही अधिकृत सेंटरला नेता आली असती, साताऱ्यालाही, पण तेव्हा डोकं चालत नव्हतं.

काउंटरवरच्या सर्व्हिस अॅडव्हायझरने जॉब कार्डवर काय लिहिलं असेल? "स्टार्टिंग प्रॉब्लेम." मी म्हणालो, "सर, स्टार्टिंग प्रॉब्लेम नाही. चालत्या गाडीत इंजिन जाम झालंय." ते म्हणाले, "हो सर, तेच. आम्ही चेक करतो, तुम्ही सही करा." मी सही केली नाही. रांगेत मागे पाच जण, सगळे माझ्याकडे बघतायत, मला लाज वाटत होती. तरी म्हणालो, "कृपया लिहा: घाटात चालताना इंजिन अचानक बंद पडलं, मागचं चाक लॉक झालं, गाडी आणली तेव्हा ऑइल लेव्हल बरोबर, गळती नाही." त्यांनी तोंड वाकडं केलं, पण खिडकीत बघितलं आणि लिहिलं. कारण ते खरं होतं. मी कार्डाचा फोटो काढला.

हे मी इतका हुशार म्हणून केलं असं समजू नका. एक ठेच आधी लागली होती. मागच्या सर्व्हिसला त्या टकटकीची तक्रार मी तोंडी केली होती. नंतर घरी येऊन जुनं जॉब कार्ड काढून पाहिलं, तर त्यावर फक्त "जनरल चेकअप". म्हणजे कागदाच्या हिशोबाने मी कधी तक्रार केलीच नव्हती! नशीब एवढंच की सर्व्हिसच्या आदल्या दिवशी त्याच अॅडव्हायझरला आवाजाचा बारा सेकंदांचा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर पाठवला होता, आणि त्यांचं उत्तर आलं होतं: "टॅपेट सेटिंग करून देतो सर." तो चॅट होता. स्टोरेज फुल झाल्यावर मी बाकी सगळे चॅट उडवले होते, हा राहिला.

तीन दिवसांनी मेसेज आला. "सर, इंजिन उघडावं लागेल. वॉरंटीत बसेल की नाही ते उघडल्यावर कळेल. एस्टिमेट ३१,४०० रुपये. अॅप्रूव्हल द्या." खाली एस्टिमेटचा फोटो.

मंडळी, इथे जरा थांबा. या मेसेजला आपण सवयीने काय उत्तर देतो? "ओके." अंगठा. झालं काम. आपल्याला वाटतं आपण उघडायला परवानगी दिली. पण त्याच अंगठ्याचा अर्थ "खर्च मान्य" असाही काढता येतो. मी पप्पांना फोन केला, मग हे उत्तर लिहिलं. जसंच्या तसं वाचतो:

"इंजिन तपासणीसाठी उघडण्यास माझी परवानगी आहे. खर्चाला माझी मान्यता नाही, गाडी वॉरंटीत आहे. इंजिन माझ्यासमोर उघडावं, दिवस आणि वेळ कळवावी. काढलेलं ऑइल मोजावं. काढलेले सगळे पार्ट निकाल लागेपर्यंत जपून ठेवावेत."

चार-पाच ओळी. वकिलाची भाषा नाही. हवं तर कॉपी करून ठेवा.

बुधवारी हाफ डे टाकून गेलो. वर्कशॉपमध्ये एक माझ्याच वयाचा मेकॅनिक होता. त्याने ऑइल काढलं, मापात ओतलं. सर्व्हिसला एक लिटर भरतात, त्यातलं ९०० मिली निघालं. फोटो. मग ऑइलची जाळी काढली. अॅडव्हायझर बाजूलाच होते, म्हणाले, "बघा, चोकअप असणार." म्हणजे त्यांचं म्हणणं आधीच तयार होतं: सर्व्हिस वेळेवर नाही, ऑइल खराब, गाळ साचला, जाळी तुंबली, ऑइल वर गेलं नाही.

जाळीत गाळ नव्हता. जाळीत पांढरट प्लास्टिकचे बारीक तुकडे होते.

मेकॅनिक काही बोलला नाही. त्याने क्लचकडचं कव्हर उघडलं आणि आत बोट दाखवलं. पंप फिरवणारा जो छोटा गिअर असतो, तो आमच्या गाडीत प्लास्टिकसारख्या मटेरियलचा होता. त्याचे बरेचसे दात गेलेले. म्हणजे इंजिन फिरत होतं, पंप फिरत नव्हता. खाली ऑइल भरलेलं, वर थेंब नाही. कॅमवर चर पडलेले, पिस्टन एका बाजूने खरवडलेला. मी प्रत्येकाचा फोटो काढला, बाजूला जॉब कार्ड धरून. निघताना त्या मेकॅनिकने हळूच म्हटलं, "भाऊ, तो गिअर जपून ठेवायला सांगा, भंगारात जातो कधीकधी." बस एवढंच. त्याची नोकरी आहे, त्याने यापेक्षा जास्त काय बोलायचं.

मला वाटलं, संपला विषय. कारण समोर दिसतंय. संध्याकाळी फोन आला: "सर, तुमची तिसरी सर्व्हिस ३८ दिवस उशिरा झालीय. सिस्टिममध्ये वॉरंटी क्लेम घेत नाही. रिजेक्ट."

आता इथे माझी बाजू स्वच्छ नाही, हे सांगतो. सर्व्हिस खरंच ३८ दिवस उशिरा झाली होती. किलोमीटर हद्दीत होते, दिवस उलटले होते. "जे आधी होईल ते." मी फक्त किलोमीटर बघत बसलो. कारण? काही मोठं नाही. आळस. महिनाअखेर आणि आळस.

त्या रात्री एका ओळखीच्याने उपाय सुचवला. दुसऱ्या एका सेंटरला त्याचा माणूस आहे, सर्व्हिस बुकवर मागच्या तारखेचा शिक्का मारून देईल, पाचशे रुपये. खोटं कशाला बोलू, मी विचार केला. ३१ हजार कुठे आणि ५०० कुठे. पप्पांना सांगितलं. पप्पा एसटीत होते, आता रिटायर झालेत, आयुष्यभर रजिस्टर आणि शिक्के बघितलेत. ते म्हणाले, "तुझ्याकडं पाच खऱ्या गोष्टी आहेत. त्यात एक खोटी घातलीस की ते तीच धरतील आणि बाकीच्या पाच कुणी बघणार नाही." आणि नंतर कळलं की सर्व्हिसची नोंद बुकात नुसती नसते, चेसिस नंबरवर त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये असते. शिक्का मारला असता तर दुसऱ्या मिनिटाला पकडला गेलो असतो, आणि मग खरंच केस संपली असती.

मग मी उशीर कबूल करायचा ठरवलं. आधी म्हणालो, "नकार लेखी द्या, कारणासकट." उत्तर आलं, "असं लेखी देत नाही सर." मग मीच लिहिलं. कंपनीच्या कस्टमर केअरला मेल, शोरूमला कॉपी. चेसिस नंबर, इंजिन नंबर, खरेदीची तारीख, रनिंग, जॉब कार्ड नंबर, सहा फोटो, घाटातला व्हिडिओ, टकटकीचा चॅट. आणि मजकूर असा की, तिसरी सर्व्हिस ३८ दिवस उशिरा झाली हे मला मान्य आहे. ती तुमच्याच सेंटरने केली, ऑइलचे पैसे घेतले, आणि वॉरंटी गेली असं तेव्हा कुणी सांगितलं नाही. पुढची सर्व्हिस वेळेवर झाली. आता ऑइल पूर्ण होतं, जाळीत गाळ नव्हता, पंपाचा गिअर तुटलेला होता. तर ३८ दिवसांच्या उशिरामुळे तो गिअर कसा तुटला, एवढं मला लेखी सांगा.

शिवीगाळ नाही, "तुम्ही लोक लुटारू आहात" नाही, सोशल मीडियाची धमकी नाही. एक प्रश्न. माझा राग खूप होता, पहिला ड्राफ्ट तुम्हाला वाचून दाखवण्यासारखा नाही. तो मी पाठवला नाही.

सात दिवस फक्त ऑटोमॅटिक उत्तरं. "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे." इकडे मी दोन बस बदलून ऑफिसला जातोय, उशीर झाला की रिक्षा, आणि पाच तारखेला हप्ता कटतोय. बंद गाडीचा हप्ता भरताना जे वाटतं ते ज्याने भरलाय त्यालाच कळेल.

आठव्या दिवशी १९१५ ला फोन केला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. एक गोष्ट स्पष्ट करतो: हे कोर्ट नाही, ते कंपनीला आदेश देऊ शकत नाहीत. ते तक्रार नोंदवतात आणि कंपनीकडे पाठवतात. पण त्यामुळे तुमची तक्रार काउंटरवरून उठून वरच्या टेबलावर जाते. माझी गेली. नऊ दिवसांनी कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरचा फोन. भेटायला बोलावलं.

माणूस सभ्य होता. चहा मागवला. फोटो बघितले, गिअर हातात घेऊन बघितला. म्हणाले, "सर, तुमचा पॉइंट समजतो. पण सर्व्हिस लेट आहे हेही खरं. आम्ही गुडविल म्हणून निम्मा खर्च देतो. निम्मा तुमचा."

म्हणजे १५,७०० रुपये. आणि गाडी आठवड्यात हातात. मी हो म्हणणार होतो, अगदी तोंडावर आलं होतं. महिना होत आला होता. पण मी एक विचारलं: "सर, हे वॉरंटी म्हणून की गुडविल म्हणून?" ते म्हणाले, "गुडविल." "म्हणजे रेकॉर्डवर वॉरंटी रिजेक्टच राहणार?" ते थोडं थांबले. "हो, तसंच राहील."

इथे गोम होती. गुडविल म्हणजे मेहेरबानी. आज निम्मे पैसे मिळतील, पण वॉरंटीची पावणेदोन वर्षं बाकी आहेत, आणि उद्या याच इंजिनाचं दुसरं काही निघालं तर उत्तर तयार: तुमची वॉरंटी आधीच रद्द झालीय, आणि तुम्हीही निम्मे पैसे भरून ते मान्य केलंय. गुडविल वाईटच असं म्हणत नाही. वॉरंटी संपून गेल्यावर कंपनी निम्मं देत असेल तर दोन्ही हातांनी घ्या. पण वॉरंटी चालू असताना घेत असाल, तर आपण काय सोडतोय ते आधी विचारून घ्या.

मी नाही म्हणालो. आवाज कापत होता. म्हणालो, "मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तक्रार लिहून ठेवलीय." खरंच ठेवली होती.

या आयोगाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आपल्याला वाटतं कोर्ट म्हणजे वकील, फी आणि दहा वर्षं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, लागू झाला जुलै २०२० मध्ये. वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे. ५ लाखांपर्यंत फी शून्य. म्हणजे आपल्यातल्या जवळपास सगळ्यांच्या बाइकला फी नाही. वकील सक्तीचा नाही. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात दाखल करता येते, कंपनीचं हेड ऑफिस चेन्नईला असो की दिल्लीला. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. आणि ऑनलाइन होतं, ई-जागृती पोर्टलवर. दोष डोळ्यांनी ठरवता येत नसेल तर आयोग ती वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. म्हणूनच तो तुटलेला गिअर भंगारात जाऊ द्यायचा नव्हता.

वेळ मात्र लागतो. कायद्यात तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने असं लिहिलंय, पण प्रत्यक्षात त्यापेक्षा जास्त लागू शकतात. आणि "मला नवीन गाडीच द्या" ही मागणी सहजी मान्य होत नाही. एका मोटारीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच सांगितलंय की वॉरंटीत सदोष पार्ट बदलून देण्याचं वचन असेल तर तेवढंच मागता येतं, अख्खी गाडी नाही. म्हणून मी गाडी मागितलीच नाही. पार्ट मागितले.

सहा दिवसांनी मेल आला. क्लेम मंजूर. वॉरंटीमध्ये. पंप, गिअर, सिलिंडर-पिस्टन, कॅम, हेड, सगळं, लेबरसकट. ऑइल आणि किरकोळ कन्झ्युमेबल माझ्या खर्चाने, १,१४० रुपये. ते पुस्तकात तसंच लिहिलंय, त्यावर वाद नाही. फोटोंमुळे झालं, हेल्पलाइनमुळे झालं की गिअरमुळे, मला कुणी सांगितलं नाही. अख्खं इंजिन बदललं नाही. बदललं असतं तर इंजिन नंबर बदलतो, मग आरटीओत आरसीवर नोंद करा, इन्शुरन्सला कळवा. तेवढी वेळ आली नाही. क्रँक ठीक आहे म्हणाले. मी म्हणालो, तपासला आणि ठीक आहे, हे जॉब कार्डवर लिहा. लिहिलं.

गाडी घेताना एक फॉर्म पुढे आला: "काम पूर्ण समाधानकारक झाले असून माझी कोणतीही तक्रार नाही." चालवून बघायच्या आधी सही. मी खाली हाताने लिहिलं, "गाडी अजून चालवून पाहिलेली नाही", तारीख टाकली आणि सही केली. कुणी काही बोललं नाही.

एकूण ४४ दिवस. टोइंगचे २,२०० गेले, बस-रिक्षाचे गेले, त्या दिवसांतले दोन हप्ते गेले, दोन हाफ डे गेले. ते मिळाले नाहीत. आयोगात जाऊन नुकसानभरपाई मागता आली असती. मी नाही गेलो. थकलो होतो. कुणी गेलं असतं तर ते बरोबर, मी नाही गेलो तेही चालतं असं मला वाटतं. आणि हो, ज्यांना वाटतंय इन्शुरन्समधून होईल, त्यांच्यासाठी: अपघात न होता इंजिन आतून बिघडलं तर साधी गाडीची पॉलिसी पैसे देत नाही. तिथे वॉरंटीच कामाला येते.

बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "नेमकं काय केलंस ते पॉइंटमध्ये सांग." तर सांगतो. क्लच दाबला. पुन्हा स्टार्ट केली नाही. बाहेरच्याला उघडू दिली नाही. ऑइलचा व्हिडिओ काढला. जॉब कार्डवर माझी तक्रार माझ्या शब्दांत लिहून घेतली. उघडायला हो म्हणालो, खर्चाला नाही. समोर उभा राहिलो. जुने पार्ट ठेवायला लावले. माझी चूक कबूल केली. एकच प्रश्न लेखी विचारला. यातल्या एकाही गोष्टीला ओळख लागत नाही, वशिला लागत नाही, इंग्रजी लागत नाही. माझा मेल अर्धा मराठीत होता.

आणि जे केलं नाही तेही सांगतो. सर्व्हिस वेळेवर केली असती तर मधले वीसेक दिवस नक्की वाचले असते. त्यांच्या हातात दुसरं काहीच नव्हतं. तो ३८ दिवसांचा दोर मीच त्यांच्या हातात दिला होता.

आता गाडी चालतेय. खंबाटकी त्यानंतर चार वेळा चढलो. पहिल्यांदा चढताना रेडिओ नाही, इअरफोन नाही, फक्त इंजिन ऐकत होतो. बापूंना पेढे घेऊन गेलो, तर म्हणाले, "पेढं ठेव. पुढच्या सर्व्हिसची तारीख सांग." मला पाठ होती. फोनमध्ये रिमायंडर आहे, दिवसांचा वेगळा, किलोमीटरचा वेगळा.

तर मंडळी, हा भाग ऐकून किंवा वाचून झाला की एकच काम करा. गाडीची डिकी नाहीतर घरातला ड्रॉवर उघडा, ते वॉरंटीचं पुस्तक शोधा, प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि तुमची पुढची सर्व्हिस कधी आहे ते बघा. दिवसांनीसुद्धा. उलटून गेली असेल तर उद्या सकाळीच जा. आणि जॉब कार्डवर सही करण्याआधी ते वाचा. मागच्या रांगेतल्या लोकांना थांबू द्या दोन मिनिटं.

तुमच्या गाडीचा असा काही अनुभव असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. सावकाश चालवा. भेटू.